हत्तिणीचा भोपळा

सौ. सूनबाईस सासूचे पोटभर आशीर्वाद.

मी सांगते आहे, तुझी लेक लिहिते आहे. एक शब्द गाळलास तर बघ, असं बजावलंय तिला. आम्ही खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

या हत्तींच्या आश्रमात कामाला राहिलेल्या पोरीला घेऊनच परतेन म्हणून मी आले, तर इथे माझी सवतच निघाली! म्हातारी हत्तीण. जन्मभर लाकडं ओढली, आता बसून खाते. तिच्यावर बसायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, असा इथला नियम. ओझी मीही वाहिली, मला कोण इतकं जपतं?

तिच्या दाढा गेल्यात, म्हणून तुझी लेक तिला भोपळा शिजवून, कुस्करून देते. दाढा माझ्याही गेल्यात. मला म्हणते, "आजी, सावकाश चाव!"

काल रागाने मीच भोपळा कुस्करला, पाटी कुंपणाशी ठेवून मागे सरले. हत्तिणीने माझी पाटी चाटूनपुसून संपवली, पोरीच्या पाटीला सोंडही लावली नाही. पोरगी फुरंगटली. म्हणाली, "चल आजी, घरी जाऊ."

तेव्हा तिला गाडीत बसवून देते, उतरवून घे. मी मागाहून येईन. ती इथे राहिली आणि हत्तीण पुन्हा तिच्याकडे वळली, तर मला सोसायचं नाही.

भोपळ्यात गुंतलेल्या तुझ्या सासूचा हा अंगठा.