बाबांचा हात

१४ ऑगस्ट

प्रिय दादा,

सहा वर्षांनी लिहितेय, अक्षर ओळखशील की नाही कोण जाणे. आम्ही बरे आहोत. माझं शिवणकाम चालू आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. वहिनीला नमस्कार.

माझी बिट्टी सतरा वर्षांची झाली. तिला बाबांचा हात आलाय. दुकानांच्या पाट्या रंगवताना बाबा पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे ना, तशीच ही ओढते. मी गल्लीभर मिरवलं, "आजोबांवर गेलीय!"

खरं सांगू? आम्ही बरे नाही आहोत.

गेल्या महिन्यात ती चार दिवस झोपली नाही. भिंती, दारं, गिऱ्हाइकाचं शिवायला आलेलं कापड, सगळं रंगवून काढलं. आणि सुंदर होतं रे ते! बाबांचंही असंच सुरू व्हायचं, हे मला माहीत होतं. तरी मी कुणाला बोलावलं नाही. नुसती बघत राहिले. पाचव्या दिवशी ती गच्चीच्या कठड्यावर चढली. शेजारच्या काकांनी ओढली म्हणून आहे.

आता इस्पितळात आहे. गोळ्यांनी शांत झालीय. काल कागद-पेन्सिल पुढे केली तर म्हणाली, "आई, हात माझा वाटतच नाही."

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आजार तेवढा काढता येईल का? चित्रं राहू द्या."

त्या म्हणाल्या, "घराण्यातून येतं खरं, पण एकाच जागी नसतं ते. शेकडो बारीकसारीक गोष्टी असतात. त्यातलं आजाराचं काय आणि चित्रांचं काय, हे आम्हालाही वेगळं करता येत नाही."

बाबांचा हात तुलाही आला होता. तू ब्रश टाकून कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायला लागलास, तेव्हा चारचौघांत मी तुला भित्रा म्हणाले. बाबांचं नाव बुडवलंस म्हणाले. तू कशाला घाबरत होतास, ते मला कळत नव्हतं असं नाही, दादा. कळत होतं.

शनिवारी तिला घरी सोडताहेत. रंग तिच्या पुढ्यात ठेवू की लपवू, एवढंही मला ठरवता येत नाहीये. तू ये. रंग सोड म्हण, नाहीतर सोडू नकोस म्हण, मी मध्ये तोंड घालणार नाही. ती कुणाचं ऐकेल तर तुझंच. तिच्या जागी उभा राहिलेला आपल्यात तू एकटाच उरलायस.

अजून मानत असशील तर,
तुझीच धाकटी