हात अंगापासून लांब

सोमवार, ३ फेब्रुवारी

कोपर! कोपर! कोपर! संध्याकाळभर दुसरा शब्द तोंडात नव्हता. शेवटी, ज्या पार्किंगमध्ये आमचा सराव चालतो तिथला रखवालदारसुद्धा माझ्या आधी ओरडायला लागला — "ताई, कोपर!"

सॉफ्टबॉलमध्ये पिचरनं चेंडू खालून टाकायचा. अख्खा हात एकदा गोल फिरवायचा आणि खाली येताना मनगटाच्या वरचा भाग कमरेला घासून गेला पाहिजे. तिथेच चेंडू सुटतो. आमची भिंगरी — माझी नात, वय तेरा — बाकी सगळं देखणं करते आणि नेमका तिथेच हात अंगापासून वीतभर लांब धरते. कोपर बाहेर, किटलीच्या कानासारखं! मग सगळा भार खांद्यावर. खांदा सुजलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात असाच राहिला तर वर्षभरात खेळणं कायमचं बंद." प्रशिक्षक बाईंनी तर मुदतच दिली. तेवीस तारखेची मॅच. तोवर हात सरळ झाला नाही तर चेंडू दुसरीच्या हातात.

उभी हयात शाळेत पोरांना कवायत शिकवली. आणि घरचं एक कोपर ऐकत नाही!

बुधवार, ५

आज कळलं ते का ऐकत नाही.

"बाबांनी असंच शिकवलंय," म्हणाली. खाली बघत, बुटाच्या टोकानं माती उकरत.

सात वर्षांची असताना चेंडू टाकायला लागली तेव्हा हात कमरेच्या हाडावर आपटायचा. काळानिळा डाग पडायचा, ही भोकाड पसरायची. मग आमचे चिरंजीव गुडघ्यावर बसायचे आणि हिचा हात आणि हिची कंबर यांच्यामध्ये स्वतःचा पंजा धरायचे. सगळे फटके त्या पंजावर. "हात अंगापासून लांब ठेव गं राणी, म्हणजे लागणार नाही." सहा वर्षं तिनं ते पाळलंय.

काय बोलणार? शिकवलं ते चूकच. पण मायेनं शिकवलेलं. असा बाप होता तो, हेही खरं आहे. मी विसरायला निघालो होतो.

दोन वर्षांपूर्वी त्यानं दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटला. मी सूनबाईंकडेच राहिलो. लोक विचारतात, मुलाकडे का नाही गेलात? मी सांगतो, माझी बादली इथे आहे. (बादली उलटी टाकून तिच्यावर बसतो आणि नातीचे चेंडू झेलतो. या गुडघ्यांना उकिडवं बसवत नाही आता.)

शनिवार, ८

नवी युक्ती. हाताच्या आतल्या बाजूला खडूची भुकटी फासायची. हात कमरेला घासला तर काळ्या पँटवर पांढरा पट्टा उमटणार. वाद नको, आरडाओरडा नको. पँटच काय ते सांगेल.

पँट तासभर काळी कुळकुळीत. भुकटी माझ्या डोळ्यात, नाकात आणि सूनबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर!

"नाना, तुम्ही तिला शिकवताय की घराला चुना मारताय?" — सूनबाई. औषधांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहून येतात, तरी तोंडाची धार कमी होत नाही. म्हणूनच हे घर उभं आहे.

मंगळवार, ११

दोन वेळा पट्टा उमटला. चुकून. तिला स्वतःलाच राग आल्यासारखा दिसला.

शनिवार, १५

आज फार ओरडलो. ओरडायला नको होतं.

तिला भिंतीच्या कडेनं, चेंडूचा हात भिंतीकडे करून उभी केली, म्हणजे कोपर बाहेर गेलं की भिंतीवर आपटणार. आपटलं. तरी कोपर बाहेरच! मी म्हणालो, "मुद्दाम करतेस तू!"

चेंडू खाली टाकला तिनं. "हो, मुद्दाम करते. बाबा येणार आहेत ना मॅचला? त्यांनी पाहिलं आणि हात वेगळाच असला तर? त्यांना वाटेल मी त्यांचं विसरले."

रखवालदार हळूच आपल्या खुर्चीकडे निघून गेला.

मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "खांदा गेला तर त्याला काय दाखवणार? मी सांगेन त्याला, की पोरगी काही विसरलेली नाही. म्हाताऱ्यानं मागे लागून बदलायला लावलं. दोष माझ्यावर."

"नक्की सांगाल?"

"नक्की."

तेवढ्यावर तयार झाली. पोरीला बापाची एवढी काळजी आणि बापाचा फोन महिन्यातून एकदा!

गुरुवार, २०

पांढरा पट्टा! एकदा नाही, पुन्हा पुन्हा. चेंडू असा आला की ग्लोव्हमधून तळहात झणझणला. मी बादलीवरून पडलो. भिंगरी हसून हसून खाली बसली. कितीतरी दिवसांनी तिला असं खदखदून हसताना पाहिलं. प्रशिक्षक बाईंना फोन केला. म्हणाल्या, "रविवारी तीच टाकेल."

आणि हो, चिरंजीवांचाही निरोप आला. येतोय.

रविवार, २३

लिहू नये असं वाटतंय. पण न लिहिता तरी कुठे ठेवू?

पहिला डाव सुरेख. तीन मुली आल्या, तिघीही बाद. प्रशिक्षक बाईंनी लांबूनच मला अंगठा दाखवला. सूनबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. दुसऱ्या डावात तो आला. उशिरा, गॉगल डोक्यावर, कानाला फोन. वरच्या पायरीवर बसला. भिंगरीनं पाहिलं.

पुढचा चेंडू — कोपर बाहेर. मला वाटलं, गडबडली. त्याच्या पुढचाही तसाच. मग लक्षात आलं. ती चुकत नव्हती. ती त्याला दाखवत होती! मी सांगेन म्हटलं होतं, पण तेवढा धीर तिला धरवला नाही. चार वाईट चेंडू पडले की समोरची फुकटात पहिल्या बेसवर जाते. हिनं ओळीनं तिघींना पाठवलं. चौथीच्या वेळी बाईंनी खेळ थांबवला, चेंडू काढून घेतला आणि दुसरीला दिला.

आणि ही रडली नाही. डाव संपताच धावत पायऱ्यांकडे आली. चेहरा फुललेला!

"बाबा, पाहिलंत?"

"पाहिलं तर! अगं पण कोपर केवढं बाहेर! खांदा मोडून घ्यायचाय का? हे असलं कुणी शिकवलं तुला?" आणि माझ्याकडे वळून हसत — "काय नाना? तुम्ही तर मास्तर!"

त्याला आठवतच नव्हतं. नाटक नव्हतं ते. माझाच मुलगा आहे, खोटं बोलताना कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. खरंच आठवत नव्हतं.

मी म्हणालो, "हो. माझंच चुकलं."

भिंगरीनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मान खाली घालून ग्लोव्हची दोरी सोडायला लागली. गाठ सुटत नव्हती. त्यानं तिचे केस विसकटले, थंड पेयाची बाटली हातात दिली, आणि मॅच संपायच्या आत निघाला. गर्दीत अडकायला नको म्हणून.

सोमवार, २४

सूनबाईंनी चहा ठेवला आणि समोर बसल्या. "नाना, काल तुम्ही कुणाला वाचवलंत?"

"तिला," मी म्हणालो.

"तिला माहीत नाही का कुणी शिकवलं ते?"

आता कळतंय. मी माझ्या मुलाला वाचवत होतो. चाळिशीचा घोडा झाला तरी शाळेतून तक्रार आल्यासारखा मी आधी पुढे झालो. आणि माझी नात तिथेच उभी होती, सगळं जाणून. तिला निदान एवढं तरी म्हणता आलं असतं, "तो विसरला, बाळ. तू बरोबर आहेस." तेवढंही म्हटलं नाही.

सूनबाई रागावल्या नाहीत. कप विसळून ठेवला आणि कामाला गेल्या.

गुरुवार, २७

सरावाला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

रविवार, २ मार्च

डोकं दुखतंय.

दाराबाहेरून सांगितलं तिला — "त्या दिवशी मी खोटं बोललो. तुझ्या बापानंच शिकवलं होतं. पंजा मध्ये धरून. मला माहीत आहे."

आतून आवाज आला, "मलाही माहीत आहे, आजोबा." बस. एवढंच.

मंगळवार, ४

"आजोबा, चला."

खडू नको म्हणाली. मीच हट्टानं फासला. पहिल्याच चेंडूला पांढरा पट्टा. दुसऱ्याला. तिसऱ्याला. एकदाही कोपर बाहेर नाही, अंधारून येईपर्यंत! महिनाभर ज्याच्यासाठी घसा फोडला ते समोर होत होतं. रखवालदारानं टाळ्या वाजवल्या. मी नाचायला हवं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडावर कॅचरची जाळी होती म्हणून निभावलं.

किती सहज सोडलं तिनं! दमदाटीनं सुटत नव्हतं, विनवणीनं सुटत नव्हतं.

"आता बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, बाळ. अगदी बरोबर."

"मग झालं," म्हणाली, आणि चेंडू गोळा करायला लागली. कमरेवर डाग पडलाय, लालसर. मलम लावू का विचारलं. दुखत नाही म्हणाली.

रविवार, ९

दुपारी फोन वाजला. भिंगरीनं उचलला. क्षणभर ऐकलं, "देते" म्हणाली, आणि आत येऊन माझ्यापुढे धरला.

"आजोबा, तुमच्या मुलाचा फोन आहे."