क्लीनर साईड

१० डिसेंबर, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलंय, त्याची नोंद असावी.
महेबूब उस्ताद वीस जानेवारीला कळंब सोडून मुलाकडं हैदराबादला चाललेत, कायमचे. उजवा हात थरथरतो, नजर अधू झालीय. मी पेंटिंग त्यांच्याच हाताखाली शिकलो. चाळीस वर्षं त्यांचा मोर अख्ख्या मराठवाड्याच्या ट्रक-ट्रॉल्यांवर फिरला. एकदा म्हणाले होते, हिंमत, समद्या गाड्यांवर मोर बसला, इमान तेवढं ऱ्हायलं. इमान म्हणजे विमान.
कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ असतो. त्यातलं विमान आपल्याला हवं तसं रंगवता येतं. विमानाचं कातडं सोलून सपाट पसरावं तसं एक चित्र असतं, त्याला टेक्स्चर म्हणतात. त्यावर रंगवलं की ते विमानाला चिकटतं. सत्तावीस वर्षं पेंटिंग करतोय मी. विमानावर उस्तादांचा मोर बसवायचा, चार दिवसांचं काम.
उस्तादांनी मला आजवर एकदाही शाबास म्हटलेलं नाही. आता म्हणतील.

११ डिसेंबर
कॉम्प्युटर शिवकन्याचा. माझी बायको स्टँडजवळ ऑनलाईन फॉर्म भरायचं केंद्र चालवते. रोज दुपारी एक ते तीन मला दिला. विमानाबरोबर आलेली माहिती तिनं वाचली. म्हणाली, अहो, हितं लिवलंय, दोन्ही बाजूंना एकच चित्र चिकटतंय. येगळं पायजे तर दुसरी फाईल जोडावी लागंल.
मी म्हटलं, असली माहिती शिकाऊ लोकांसाठी असते.

१३ डिसेंबर
माऊसनं मोर काढणं म्हणजे कोपरानं रांगोळी घालणं. शिवकन्या म्हणाली, कोंबडी झाक हाय. तिला मॉडर्न आर्ट कळत नाही.
शेवटी मोर कागदावर काढून त्याचा फोटो आत घेतला. याला तंत्रज्ञानावर मात म्हणतात.

१५ डिसेंबर
लेयर म्हणजे आपल्या भाषेत हात. पहिला हात, दुसरा हात. मी सगळे हात एकत्र करून सेव्ह केले. वाळलेला रंग कुणी परत सुटा करतं का?
परिणाम: दारं-खिडक्या मोराच्या खाली गेल्या. शिवकन्यानं विचारलं, माणसं चढणार कुठनं? ट्रॉलीला खिडक्या नसतात, त्यामुळं हा मुद्दा माझ्यापुढं कधी आला नव्हता. फाईल मागं नेता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून. अनुभव म्हणून चांगलंच झालं.

१९ डिसेंबर, येळवस (वेळ अमावस्या)
अख्खं कळंब शेतात जेवायला गेलंय. शिवकन्या ईट गावी माहेरच्या रानात गेली. मी थांबलो. दिवसभर कॉम्प्युटर माझाच, आज संपवणार.
लाईट नऊला गेली. साडेचारला आली. पाच मिनिटांनी शिवकन्या डबा घेऊन आली आणि फॉर्मवाले दोघे मागोमाग.
भज्जी उत्तम. आंबीलही.

२४ डिसेंबर
फाईल चुकीच्या प्रकारानं सेव्ह झाली. विमान स्टीलच्या ताटासारखं लखलखतंय, मोराचा पत्ता नाही. दोन दिवस यातच गेले.
धीर यावा म्हणून बंडप्पाचा ट्रक आठवला. साल अठ्ठ्याण्णव. उस्ताद लातूरला गेले होते. मी एकोणीस वर्षांचा, एकट्यानं दोन्ही बाजू रंगवल्या. दुसऱ्या दिवशी बंडप्पा पेढे देऊन गेला. त्यानंतर उस्तादांनी मला एकट्याला कधी गाडी दिली नाही. माझी थोडी धास्ती घेतली असावी. मोठ्या माणसांचं असं होतं.

२९ डिसेंबर, दुपारी २.५०
बसला! शेपटावर मोर, चोच पुढं. खाली 'महेबूब पेंटर, कळंब', त्यांच्याच वळणात. मला खरंच रडू आलं.

२९ डिसेंबर, दुपारी ३
माऊसनं विमान फिरवून उजवीकडून बघितलं. मोर ठीक. नाव उलटं. आरशात दिसावं तसं.

३० डिसेंबर
विचार केला. अँब्युलन्सवर उलटंच लिहितात, पुढच्या गाडीच्या आरशात सरळ दिसावं म्हणून. शिवकन्या म्हणाली, आभाळात म्होरं कोण आरसा घिऊन बसलाय?
दुसरा विचार. विमानात ड्रायव्हर डावीकडं बसतो. म्हणजे डावी ती ड्रायव्हर साईड, उजवी ती क्लीनर साईड. डावीकडूनच दाखवायचं. क्लीनर साईडला बघतं कोण.

२ जानेवारी
वाईट बातमी. हैदराबादच्या डॉक्टरनं लवकरची तारीख दिली. उस्ताद अकरालाच निघणार. नऊ दिवस.
शिवकन्या म्हणाली, तासाभराचं काम हाय, मी बसते संगं, दुसरी फाईल जोडू. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.
खरं कारण इथंच लिहितो. त्या फाईलला हात लावायची भीती वाटते. एवढं बसलेलं परत मोडलं तर उस्तादांना दाखवायला काहीच उरणार नाही.

६ जानेवारी
सराव. विमान धावपट्टीवर धावतं आणि गवतात शिरतं. सात वेळा शिरलं. आठव्यांदा उडालं, वळलं आणि नेमकी उजवी बाजू दिसली.
उडवणं रद्द. मोराचं विमान उभंच शोभतं.

९ जानेवारी
उद्या चार वाजता उस्ताद आणि त्यांच्या पत्नी फातिमाबी येणार. ठरवलंय: डावी बाजू लावून ठेवायची आणि माऊस काढून खिशात.

१० जानेवारी, सायंकाळी ७
उस्ताद आले. शिवकन्यानं खुर्ची पुढं सरकवली. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी तोंड स्क्रीनला टेकवलं. मग थरथरतं बोट मोराच्या मानेवरून फिरवलं, वरून खाली, रंग भरताना फिरवायचे तसंच. मी शब्दाची वाट बघत होतो.
म्हणाले, हिंमत, आता क्लीनर साईड दाव.
मी विसरलो होतो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. चाळीस वर्षं हा माणूस ट्रकला वळसा घालून आधी तिकडूनच बघायचा. कामाची नियत क्लीनर साईडला कळती, म्हणायचा.
मी म्हटलं, कॉम्प्युटर हँग झालाय. माऊस खिशात घट्ट धरला. शिवकन्यानं माझ्याकडं न बघता कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. विमान सावकाश फिरलं.
फातिमाबींना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, लई बेस, दोन्हीकडं सारखंच हाय.
उस्तादांनी स्वतःचं उलटं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मग हळूच म्हणाले, बंडप्पाच्या ट्रकला बी क्लीनर साईडचा मोर तू उलटा काढला व्हतास. चोच मागं. म्या लातूरहून आलो अन् फजरच्या नमाजाआदी उठून पुसला, दुसरा काढला. तुला बोललो न्हाय, पोरगं हात सोडून देईल म्हणून.
सत्तावीस वर्षं मी ते पेढे लोकांना सांगत आलोय.
उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. म्हणाले, आता माझा हात चालत न्हाय, ह्ये तुलाच करावं लागंल. शाबास तिकडल्या बाजूला ठिवलंय.

११ जानेवारी, सकाळी ९
आठच्या बसनं गेले. स्टँडवर गेलो नाही, दुकानात काम होतं. काम नव्हतं. तोंड नव्हतं.

११ जानेवारी, दुपारी १.३०
दुरुस्त! शिवकन्या दुसरी फाईल, दुसरी फाईल म्हणत होती. कशाला? फक्त नाव निवडलं आणि उलटं केलं. उजवीकडून बघितलं: 'महेबूब पेंटर, कळंब'. सरळ, स्वच्छ. दोन मिनिटांचं काम. उगाच महिनाभर घाबरलो. फोटो काढून फातिमाबींच्या मोबाईलवर पाठवला.

११ जानेवारी, दुपारी ४
वाटेतल्या जहिराबादहून फातिमाबींचा फोन. उस्तादांनी फोटो डोळ्याला लावून बघितला. खूष हायत, म्हणाल्या. बसमधल्या शेजाऱ्यालाबी दावला. अन् म्हणत्यात, हिंमतला सांग, आता ड्रायव्हर साईड दाव.
विमान फिरवलं. डावीकडून बघितलं. आता इकडचं नाव उलटं.
शिवकन्याला हाक मारली.