विमलकाकूंनी सांगितलं नव्हतं, मावशी

प्रिय मावशी,

काल मुकुंदवाडीला विमलकाकूंकडे जाऊन आले. तुम्ही होतात तोवर जे बोलायला माझी जीभ रेटली नाही, ते काल तुमच्या जावेपुढं बोलले. खरं तर ते आधी तुम्हाला कळायला हवं होतं. ती वेळ मी घालवली, म्हणून आज हे पत्र.

वर नुसतं 'मावशी' लिहिलंय. तुमचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही, ही सवय हाताला लागलीय. विमल हेसुद्धा मीच ठेवलेलं नाव आहे.

आठवतं, आपण पहिल्यांदा कुठं भेटलो? सरकारी दवाखान्यात, गोळ्या मिळतात त्या खिडकीसमोरच्या बाकावर. तुम्ही बजाजनगरमध्ये कंपनीतल्या पोरांची मेस चालवायचात. सकाळचे डबे उरकून, तोंडाला स्कार्फ बांधून महिन्यातून एकदा शहरात यायचात. मी शेजारी बसले आणि पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. एचआयव्ही असलेल्या लोकांचा सर्व्हे आहे, गोळ्या वेळेवर मिळतात का, घरात, कामावर, दवाखान्यात कोण कसं वागतं, एवढंच विचारायचंय. नाव लिहायचं नाही, फक्त एक नंबर.

"पोरी, पुस्तकातल्यावानी बोलतीस तू," तुम्ही म्हणालात. "साधं सांग. हे कुणाला कळंल का?"

"कुणालाच नाही, मावशी."

"तुला तर कळलंच की!"

"मी कुणाला सांगणार नाही."

किती सहज बोलून गेले मी! दिवसातून दहा जणांना तेच सांगायचे.

तुम्ही नाही म्हणालात. पुढच्या महिन्यातही नाहीच. तिसऱ्या महिन्यात मात्र स्वतःहून माझ्याशेजारी येऊन टेकलात. "विमलला इचारलं. ती म्हणली, जाय. आपल्या बायांचं कुणीतरी ऐकाया पाहिजे." तुमचे यजमान गेल्यावर तुम्हाला पहिल्या तपासणीला हाताला धरून नेणाऱ्या विमलकाकूच. आठ वर्षं हे त्यांनी स्वतःच्या नवऱ्याच्याही कानावर जाऊ दिलं नव्हतं. रोज न चुकता त्यांचा फोन यायचा, "घेतली का गोळी?" जगात तुमचं गुपित माहीत असलेलं घरचं माणूस ते एकच.

त्या दिवशी मी किती खूश होते, काय सांगू! तुमच्यासारखी बाई तयार झाली की आणखी दहा जणी येतात. दवाखान्यातून निघून वाळूजच्या शेअर रिक्षात बसले, तिकडं दुसऱ्या एकांना भेटायचं होतं. सरांचा फोन आला. सर म्हणजे आमच्या सर्व्हेचे प्रमुख. मी भर रिक्षात बोलले, "सर, बजाजनगरच्या मेसवाल्या मावशी तयार झाल्या एकदाच्या! हो, गणपती मंदिरामागच्या गल्लीतल्या. आठ वर्षं गोळ्या चालू आहेत त्यांच्या."

नाव घेतलं नाही मी, मावशी! नियम पाळला असंच मला वाटत होतं. शेजारी मांडीवर भाजीची पिशवी घेऊन एक बाई बसली होती. ती बजाजनगरला उतरली. मी तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही.

तुमची मुलाखत झाली. त्यानंतर महिनाभरानं तुमचा फोन आला. "शाहीन, ये गं जरा. मला काय सुधरंना." आवाज ऐकूनच मी निघाले. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी नळावर ती बाई पाणी भरत होती. रिक्षातली. तिनं मला बघितलं, ओळखलं आणि कळशी अर्धीच उचलून आत निघून गेली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आत तुम्ही फोनवर होतात. मी उंबऱ्यातच थांबले. "आठ वरीस पोटात ठिवलंस आन् आता ओकलीस व्हय गं? माझ्या हातचं कुणी खाईना झालंय! घरमालक खोली खाली कर म्हणतोय! तुझ्याबिगर कुणाला ठावं होतं?" फोनमधून विमलकाकूंचं रडणं मला दारात ऐकू येत होतं. "नाय गं बाई, पोरीची शपथ, मी नाय!" तुम्ही फोन कट केलात.

मग मला बसवलंत. त्या अवस्थेतही चहा टाकलात. "बत्तीस डबे होते, नऊ राहिले," म्हणालात. "आन् कोण फोडतं? घरचं माणूस."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. "मावशी, काकू नव्हे, मी." एवढंच तर वाक्य होतं! मी चहा प्यायले. का गप्प बसले? कंत्राट संपत आलं होतं, ते पुढं वाढवायचं की नाही हे सर ठरवणार होते. बाहेर कळलं असतं तर सर्व्हे बंद पडला असता, हेही मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगू? तुम्ही फोनवर विमलकाकूंशी जसं बोललात तसं माझ्याशी बोलाल, याचीच मला भीती वाटली.

तुम्ही पडेगावला खोली घेतलीत. भाकऱ्या करून दोन हॉटेलांना द्यायला लागलात. आणि मग जे केलंत त्याची मी कल्पनाही केली नव्हती. एक दिवस दवाखान्यात माझ्या बाकावर येऊन म्हणालात, "माझं तर फुटलंच. आता भ्यायचं कुणाला? चल, तुला माणसं मिळवून देते."

चौदा जण आणलेत तुम्ही! जे माझ्याकडं बघून वाट वाकडी करायचे, ते तुमच्या मागून आले. उस्मानपुऱ्यातली एक शिक्षिका, एक रिक्षावाले भाऊ, नुकतं लग्न झालेलं ते जोडपं. प्रत्येकापुढं तुम्ही माझा हात हातात घेऊन तेच सांगायचात, "ह्या पोरीवर भरवसा ठिवा. माझ्या जावंनं माझं वाटोळं केलं, पर हिनं माझं नाव कुणाला सांगितलं नाय."

चौदा वेळा ऐकलं मी ते. चौदा वेळा मान खाली घालून संमतीपत्र पुढं केलं. लोकांना वाटायचं, मुलगी किती नम्र आहे!

मावशी, तुम्हाला कधीच संशय आला नाही का? एकदाही नाही? कधीकधी मला तुमचा रागच यायचा. इतका कसा विश्वास ठेवतं माणूस? जिनं आठ वर्षं जपलं तिच्यावर नाही, आणि तीन महिन्यांच्या ओळखीच्या पोरीवर एवढा? एकदा काकूंचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यायचं होतंत ना! पण हे मी कुठल्या तोंडानं म्हणावं?

विमलकाकूंच्या मुलीचं लग्न झालं. तिला लहानपणी तुम्ही न्हाऊमाखू घातलेलं. काकूंनी पत्रिका पाठवली, ती तुम्ही उघडली नाहीत. लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम तुमच्याकडं आले. दिवसभर तुम्ही ज्वारी निवडत होतात. एकदा फक्त विचारलंत, "आता अक्षता पडल्या असतील न्हाई?" मी घड्याळात बघून हो म्हणाले.

"घेतली का गोळी?" म्हणून विचारणारा फोन बंद झाला, तसं तुमचं गोळ्यांचं वेळापत्रकही ढिलं पडलं. नव्या खोलीवरून दवाखाना गाठायचा, भाकऱ्यांची वेळ सांभाळायची. एखादा महिना चुकायचा. मी विचारलं की म्हणायचात, "खाते गं, मरत नाय मी." खोकला सुरू झाला, वजन उतरलं. टीबी निघाला तेव्हा उशीर झाला होता.

वॉर्डात शेवटच्या दिवसांत मी तुमच्या उशाशी होते. मी विचारलं, "विमलकाकूंना बोलावू का?" तुम्ही मान हलवलीत. "नगं. तिनं लई वंगाळ केलं."

मी तोंड उघडलं होतं, मावशी. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आल्या. त्या गेल्यावर तुम्ही डोळे मिटून घेतले होते. मी म्हटलं, उद्या सांगू. सकाळी आले तर कॉट मोकळी होती.

तुम्हाला माहीत नाही, विमलकाकू आल्या होत्या. स्मशानाच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. जावेनं काहीतरी फोडून तुमची मेस बुडवली, एवढंच माहीत असलेले तुमचे गंगापूरकडचे भाऊ सगळ्यांसमोर ओरडले, "हिला आत येऊ देऊ नका! हिनं माझ्या बहिणीचा घात केला!" काकू तिथूनच हात जोडून परत फिरल्या. मी दहा पावलांवर होते. तेव्हाही गप्प राहिले.

आता सर्व्हेची दुसरी फेरी सुरू होतेय. मागच्या आठवड्यात नव्या मुलींचं प्रशिक्षण होतं. सरांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "लोकांचा विश्वास कसा मिळवायचा, ते शाहीनकडून शिका." मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर पडले ती थेट घरी गेले आणि तुमचं नाव आणि आजार तेवढा सोडून अम्मीला सगळं सांगितलं. अम्मी पोळ्या लाटत होती. लाटणं बाजूला ठेवून तिनं एवढंच विचारलं, "वो बाई जिंदी है ना अबी? तो जा के बोल उसकू. मेरेकू क्या बोलती?"

म्हणून काल गेले. विमलकाकू मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, रिक्षापासून फाटकापर्यंत. त्यांचे हात मेथी खुडत राहिले. मग विचारलं, "शेवटाला ती माझ्याबद्दल काय बोलली?"

खोटं बोलता आलं असतं. "तुमची आठवण काढत होत्या" म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण आता आणखी एक खोटं? मी तुमचे शब्द होते तसे सांगितले.

"म्हंजी तेच घिऊन गेली," काकू म्हणाल्या. निवडलेली आणि न निवडलेली मेथी त्यांनी एकाच परातीत लोटली. "आता माझं नाव तिच्या मनातनं काढाया मी कुठं जाऊ, सांग? जाय तू. मला तुझं तोंड बघायचं नाय."

मी दारापर्यंत गेले, तशी हाक आली. "थांब. तिच्या भावाला जाऊन सांग. सगळ्या भावकीत घरबुडवी म्हणत्यात मला." मी हो म्हटलं. काकू उठून जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पर आजाराचं बोलू नगंस. त्याला नुसता टीबीच ठावं हाय. तिनं त्याला कधी कळू दिलं नव्हतं."

मावशी, ऐकताय ना? एवढं होऊनसुद्धा त्या तुमचं गुपित जपत होत्या! मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले.

आज सकाळी सरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, निर्णय होईपर्यंत तू फील्डवर जायचं नाहीस. बरोबरच आहे. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही.

तुमची माफी मागायची होती. पण माफ करायला तुम्ही नाहीत, आणि विमलकाकूंनी केलेलं नाही. कदाचित कधीच करणार नाहीत. ते तसंच राहू दे.

एक शब्द मात्र देते. रविवारी मी गंगापूरला तुमच्या भावाकडं जाईन. "विमलकाकूंनी काही फोडलं नव्हतं, चूक माझ्या तोंडून झाली," एवढं त्यांच्या घरच्या सगळ्यांसमोर सांगेन. ते विचारतील, कसली गोष्ट होती ती? शिव्या देतील, कदाचित अंगावर धावून येतील. मग सरांना सांगूनच त्या चौदा जणांना एकेकट्याला भेटेन, खरं सांगेन, आणि ज्याला आपली उत्तरं काढून घ्यायची असतील त्याची काढून टाकायला लावेन. पण तुमच्या आजाराचं नाव तुमच्या भावापुढं माझ्या ओठांवर येणार नाही. तुम्ही गेलात म्हणून ते सांगायची मोकळीक मला मिळालेली नाही. पहिल्या दिवशी बाकावर दिलेला शब्द एकदा मोडला, मावशी. आता मोडणार नाही.

तुमच्या भरवशाला न पुरलेली,
शाहीन