फाटकाबाहेरचा कट्टा

बारामती, शुक्रवार

ती. आबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. आईचा गुडघा आता वाकतो का? नरसिंहपूरला नदीचं पाणी उतरलं का? इथं आम्ही बरे आहोत. फोनवर बोलायला गेलं की अश्लेषा कान देऊन ऐकते, म्हणून पत्र.

तिचं पोट अजून शाळेच्या वेळेलाच दुखतं. हात गार पडतात. डॉक्टर म्हणाले, हे नाटक नाही, भीती आहे.

तुम्ही म्हणालात, "गुरुवारी येतो, बघू कशी जात नाही ते." तुमच्या शाळेत तुम्ही चार दांडगी पोरं धाडून न येणाऱ्याची उचलबांगडी करायचात. "गुरुजी, आणलं बघा ह्याला!" म्हणत ती त्याला वर्गात आणून टाकायची, आणि आम्ही सगळे हसायचो.

आबा, मागच्या आठवड्यात मी तेच केलं. यांनी पाय धरले, मी हात. तिनं शाळेच्या फाटकाचा गज इतका घट्ट धरला, की मला तिचं एकेक बोट सोडवावं लागलं. पुढं दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, नीट जेवली नाही. आता जेवतेय, आईला काही सांगू नका.

तिच्या बाईंच्या सांगण्यावरून कालपासून आम्ही फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर नुसतं बसतो. काल पाच मिनिटांत उठली. आज प्रार्थना संपेपर्यंत बसली. उद्याचं ठाऊक नाही.

गुरुवारी या. तिच्याशेजारी कट्ट्यावर बसा. फक्त एवढं करा, घंटा झाली तरी उठू नका.

तुमची
राजेश्वरी