दत्ताची नवी जोडी

मंगळवार संध्याकाळ, शिक्रापूर

कंपनी सुटल्यावर चहाला गेलो, तर गीतकार-संगीतकारांची सगळ्यात भारी जोडी कोणती यावर वाद पेटलेला. टपरीवाले मामा म्हणाले, "लांब कशाला जाता? आपला दत्ता आन् केंदूरची सुरेखा! ती लिहिती, ह्यो चाल लावतो."

चहा तसाच ठेवून उठलो. दहा वर्षं दत्ताच्या चालींना शब्द माझे होते. माझं नाव एकानंही घेऊ नये?

घरी आल्या आल्या दत्ताला फोन लावला, भांडायलाच. "तिचे शब्द ऐकू यावेत म्हणून गाण्यात वाद्यं थांबवतोस. माझ्यासाठी कवा थांबवलीस?"

"ती भांडती माझ्याशी, एकेका शब्दासाठी," तो म्हणाला. "तू कागद देऊन निघून जायचास."

फोन ठेवला. खरं बोलला. तरी जळफळाट जाईना. आणि मला वाटायचं, आम्ही कधी भांडत नाही म्हणून आमची जोडी चांगली.