जुनिपरचा उजवा पाय

३ एप्रिल
टोचलं एकदाचं! जुनिपर घोडीच्या उजव्या घोट्यात किरणोत्सारी कथिलाचं औषध. डॉक्टर व्हिटेकरांचा हात जरासुद्धा हलला नाही. सांध्यातली सूज आता आतूनच विझत जाणार — ना चीर, ना टाका. काय अक्कल आहे माणसाची!

पण तिच्या पायातून किरण निघत राहणार, म्हणून अकरा दिवस घोडीजवळ रेंगाळायचं नाही. पिवळी ओळ मी आखली. पट्टी तीनदा लावून पाहिली. धोक्याच्या फलकाखाली, किरणांची जबाबदारी असलेली म्हणून, सही माझी. चंदी-पाणी मीच करायचं, घड्याळ लावून. बाबांनी ओळीबाहेर उभं राहायचं.

बाबा तीस वर्षं केंटकीत मोतद्दार आहेत. रोज पहाटे आधी घोड्याच्या पायावर तळवा — गरम की गार. तेच आता बंद. म्हणाले, "तिला वाटेल, मी रुसलो."

४ एप्रिल
जुनिपरच्या मालकीणबाईंचा फोन. लंगडीच राहिली तर तिला "जास्त दिवस यातना देणार नाही." म्हणजे काय, ते कळलं.

६ एप्रिल
किती किरण लागले ते दाखवणारं मापक प्रत्येकाच्या खिशाला असतं. संध्याकाळी मी आकडे उतरवते. माझा चार. बाबांचा शून्य. कालही शून्य. ओळीबाहेर उभं राहिलं तरी एखादा आकडा चढतोच. मापक खिळ्याला टांगून आत तर जात नाहीत?

जेवताना त्यांच्या हातांकडेच बघत होते. राजम्याचं पातेलं चुलीवरून नुसत्या हातांनी उतरवलं.

"फडकं घ्या की, बाबा."

"लगाम ओढून ओढून कातडं झालंय, पोरी."

७ एप्रिल
पुन्हा शून्य. डॉक्टरांना सांगून टाकलं. स्वतःच्या बापाची चुगली! घरात शिकलेली पहिली मी, ती याचसाठी?

डॉक्टर म्हणाल्या, "नायेली, ते ओळीपाशी येतच नाहीत. अंगणापलीकडे चंदीच्या खोलीत बसतात, डोळे मिटून."

८ एप्रिल
बाबा खोगीर पुसत होते. विचारलं.

"फलकावर सही कुणाची? उद्या कुणी म्हणायला नको, बापाला मोकळीक दिली. तिथून टापा ऐकू येतात. तेवढं पुरे."

चुगलीचंही सांगितलं. हसले. "लहानपणी भावाची करायचीस. आता बढती मिळाली."

खूप लाज वाटली. आणि अभिमान.

१२ एप्रिल
डॉक्टरांनी जुनिपरला अंगणात चार पावलं चालवलं. चंदीच्या खोलीतून बाबांचा आवाज — "उजवा वेळेवर पडतोय!" डॉक्टरांनी चाल मोजणारं यंत्र लावलं, अर्धा तास आकडे पाहिले आणि तेच म्हणाल्या.

१४ एप्रिल
किरण हद्दीखाली. फलक उतरवला. सगळे जमले, मालकीणबाईसुद्धा. बाबांना हाक मारली. आले, घोडीजवळ थांबले.

"आधी तू."

तळवा ठेवला. "गार!" मी म्हणाले. डाव्या पायासारखाच. मग बाबांनी ठेवला, बराच वेळ. "गार," म्हणाले. मालकीणबाईंनी जुनिपरच्या मानेत तोंड लपवलं.

१५ एप्रिल
घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, साखरेच्या आजाराने दोन वर्षं त्यांच्या तळव्यांना गरम-गार काही कळत नाही.

"काल तू म्हणालीस, म्हणून मी म्हणालो."